दोरापाशी कोण उभं राहणार

त्या वर्षी चुकाओ डोंगरावर बर्फ उशिरा आला. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये लागतो, पण जून कोरडा गेला, जुलै निम्मा सरला, आणि मग कार्मेन मातेच्या सणाच्या आदल्या रात्री आभाळ असं ओतलं की सकाळी कुत्र्याचं खोपटं शोधायला फावडं घ्यावं लागलं. मी खिडकीची वाफ पुसून बाहेर बघितलं, छातीवर क्रूस काढला आणि सुनेला, नेलिदाला हाक मारली, इंजिन तापवायला घे, आज तुडवणी.

ती आधीच उठून गेली होती. तिचा कप धुऊन पालथा घातलेला होता.

तुडवणी आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नवा बर्फ भुसभुशीत असतो, त्यावरून उतरायला गेलं की माणूस कमरेपर्यंत रुततो. मोठ्या रिसॉर्टांत त्यावरून यंत्र फिरवतात, आमच्याकडे माणसं फिरतात. पायात स्की घालायच्या, चढाला कूस देऊन आडवं उभं राहायचं, खांद्याला खांदा लावून रांग धरायची आणि एकेक पाऊल वर सरकत बर्फ दाबत जायचं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. माझ्या नवऱ्यानं, सेगुंदोनं, पहिल्याच हिवाळ्यात नियम घातला होता. जो तुडवणार नाही त्यानं वर ओढून नेणाऱ्या दोराला हात लावायचा नाही. एकदा प्रांताचा कुणी साहेब आला होता, त्यालाही रांगेत उभं केलं. निम्म्या चढावर साहेबानं बसकण मारली तेव्हा सेगुंदो त्याला शांतपणे म्हणाला, मग साहेब, निम्म्यापासूनच उतरा.

ज्यानं तुडवलं त्याच्या मनगटाला मी लाल लोकरीचा धागा बांधते. लोकर माझ्या मेंढ्यांची, कातलेली मी, रंगवलेली मी. तो धागा म्हणजे मोसमभराचं तिकीट. मध्येच तुटला तर माझ्याकडे येऊन कुठं तुटला ते खरं सांगायचं, मी दुसरा बांधते. पन्नास वर्षांत फार थोडे खोटं बोलले, आणि ते कोण ते मला पाठ आहे.

माझा थोरला, एलेओदोरो, आदल्या संध्याकाळीच कागद घेऊन येऊन बसला होता. तो घाटापलीकडच्या त्रेस कुम्ब्रेस रिसॉर्टात लिफ्टांचा मुकादम आहे. चौदा लिफ्टा आहेत तिथं, सगळ्या खुर्च्यांच्या, आणि चौदांवर याचं राज्य. कागदात असं होतं की त्रेस कुम्ब्रेसचा मोसमी पास यापुढे चुकाओवरही चालेल. त्या बदल्यात ते लोक आमच्या डोंगरावर खुर्च्यांची लिफ्ट बसवतील, यंत्र देतील, पगारी माणसं देतील. डोंगर आपलाच राहील, असं एलेओदोरो तीनदा म्हणाला. मी म्हटलं, जे तीनदा सांगावं लागतं त्यात एकदाही दम नसतो.

सेगुंदो गेल्यापासून डोंगराला मालक तीन. मी, एलेओदोरो आणि माझा धाकटा रुबेन. रुबेन अकरा वर्षांपूर्वी लाकडांच्या ट्रकसकट दरीत गेला, तेव्हापासून त्याचा वाटा त्याच्या बायकोचा, नेलिदाचा. तिघांतल्या दोघांनी सही केली की काम झालं. एलेओदोरोची झालेलीच होती. माझी मी मेल्यावरसुद्धा झाली नसती. उरली नेलिदा, आणि नेलिदाची मला फिकीर नव्हती. ती बोलते कमी, मी बोलते जास्त, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. भांडण नाही म्हणजे ती माझ्या बाजूची, असा माझा हिशेब.

एलेओदोरोला मी म्हटलं, तुझं त्रेस कुम्ब्रेस मी एकदा बघून आलेय. त्यानंच नेलं होतं, चार वर्षांपूर्वी, मोठ्या कौतुकानं. पाऊण तास रांगेत उभी राहिले. सगळ्यांचे चेहरे फडक्यांत आणि काळ्या काचांत झाकलेले, जशी दरोडेखोरांची जत्रा. पुढच्या बाईला सहज विचारलं, तुम्ही कुणाच्या? तिनं पिशवी पोटाशी ओढली. वर सूप घेतलं ते कागदाच्या पेल्यात, आणि देणाऱ्यानं माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. डोंगर चांगला आहे, मी खोटं बोलणार नाही. एवढा मोठा की दिवसभर उतरलं तरी एकच वाट दोनदा लागत नाही. पण मी म्हणते, एकच वाट चाळीसदा उतरण्यात काय वाईट आहे? चुकाओला एकच उतार आहे. सकाळी तो कडक, दुपारी लोण्यासारखा, कालच्या वाऱ्यानं डाव्या अंगाला नवा उंचवटा आलेला. त्याला ओळखायला जन्म पुरत नाही. चार वर्षांचं पोर सोडून द्यावं आणि आपण चुलीपाशी बसावं. पडलं तर सहा जण उचलतात, आणि उचलणारा कुणाचं ते विचारत नाही, कारण त्याला ते माहीत असतं.

एलेओदोरोनं सगळं ऐकून घेतलं. लहानपणापासूनच तो असा, ऐकून घेतो आणि मग आपलं तेच करतो.

*

सकाळी नऊला लोक जमले. साठ-पासष्ट असतील. पूर्वेचा पुएल्चे वारा सुटला होता, पण चुकाओच्या पाठीशी कोइगुएची दाट झाडी आहे, ती सगळा वारा अंगावर घेते. आमच्याकडे फक्त आवाज येतो. शेजारचा फेर्मीन, सेगुंदोचा जुना जोडीदार, रांगेच्या पुढे उभा राहून पावलं मोजत होता. त्याच्या मागे माझी नात अम्पारो. ती नेलिदाची मुलगी, तेमुको शहरात नर्सिंग शिकते, सुटीला आली होती. मी पायथ्याच्या झोपडीत मोठं पातेलं चढवलं होतं. कोंबडीचा रस्सा, आणि तुडवून आलेल्याच्या हातात गरम सोपाइपिया, पिठात भोपळा मळून तळलेली.

अकराच्या सुमाराला रस्त्यावर दोन बस दिसल्या. आमच्या रस्त्यावर बस येत नाही. मला वाटलं, कुणी मेलं की काय.

पुढचं एलेओदोरोनं मला स्वतः सांगितलं, पण पुढच्या उन्हाळ्यात, दोन ग्लास वाइन पोटात गेल्यावर. वाऱ्यानं त्रेस कुम्ब्रेसच्या चौदाही लिफ्टा बंद पडल्या होत्या. खुर्च्या झोक्यासारख्या हलायला लागल्या की माणसं वर सोडता येत नाहीत. रिसॉर्टाच्या साहेबाचा फोन आला, पाहुणे खवळलेत, काय करू? आणि एलेओदोरोच्या तोंडून निघून गेलं, चुकाओला पाठवा, तिथं वारा लागत नाही. आपल्या डोंगराचं नाव साहेबाला ठाऊक नव्हतं, त्यानं दोनदा विचारलं. एलेओदोरो म्हणाला, ते नाव उच्चारताना मला कसंतरीच झालं, आई. बावीस वर्षं तिथं आहे, चौदा लिफ्टा चालवतो, पण रांगेतल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. इथं मला अजून सगळे सेगुंदोचा लोलो म्हणतात. मला वाटलं, ही जागा मरायच्या आत कुणीतरी बघावी.

हे त्यानं तेव्हाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण माझी मुलं माझ्यावरच गेलीत. गोड बोलायचं म्हटलं की आमच्या जिभेला गाठ बसते.

तेव्हा त्यानं एवढंच सांगितलं, की ऐंशी माणसं आलीत, आई, आणि त्यांनी तिकडे दिवसाचे पैसे भरलेत, त्यांना तुडवायला लावू नकोस. मी म्हटलं, त्यांनी तिकडे भरलेत ना, मग तिकडे उतरू देत. तो म्हणाला, आई, ते पाहुणे आहेत. मी म्हटलं, पाहुणा पहिल्या दिवशी पाहुणा, आणि चुकाओवर तर पहिल्या दिवशीही नाही.

गंमत अशी, की त्यांनी तुडवलं. सांतियागोचे वकील, त्यांच्या बायका, ब्राझीलचं एक नवपरिणीत जोडपं, गुडघ्याला पट्टे बांधलेले दोन म्हातारे. रांगेत उभं राहायला सांगितलं तर एकामागे एक उभे राहिले, सवयच ती. फेर्मीननं एकेकाच्या खांद्याला धरून आडवं वळवलं. पहिली दहा मिनिटं शिव्या ऐकू आल्या, मग हसू ऐकू आलं, आणि निम्म्या चढावर तर कुणीतरी गायला लागलं. खाली उतरून आले तेव्हा फडकी गळ्यात, काचा कपाळावर, आणि सगळ्यांना चेहरे आलेले. त्या ब्राझीलच्या पोरीनं मला मिठी मारली. मी तिला बाजूला सारून तिच्या मनगटाला धागा बांधला.

त्यांच्यातल्या तिसाव्या माणसाला धागे संपले. आजवर कधी संपले नव्हते. लाल लोकर घरात एकाच जागी होती, एलेओदोरोसाठी विणायला घेतलेल्या स्वेटरच्या बाहीत. ती उसवली. फेर्मीननं विचारलं, लोलोची बाही का? मी म्हटलं, माणसं त्यानंच आणलीत ना, मग त्यानंच पांघरूण घालावं.

आणि मग चुकाओवर पन्नास वर्षांत पहिल्यांदा रांग लागली. दीडशे माणसं, एक दोर. खरं सांगते, मला ती बघून छाती फुगल्यासारखं झालं. मी झोपडीच्या दारात डाव घेऊन उभी होते, वाडग्यावर वाडगं भरत होते, आणि वकिलांच्या बायका कागदाच्या पेल्याची आठवण काढून माझ्या रश्श्याला नावाजत होत्या. एकीनं विचारलं, इथं रोज अशीच गर्दी असते का? मी म्हटलं, रोज वीस माणसं असतात आणि तीही जास्त वाटतात. ती म्हणाली, मग मी रोजच्या दिवशी येईन. मला ते उत्तर आवडलं.

*

इंजिनाची खोली पायथ्यापासून पन्नास पावलांवर आहे. आत लाकूडगिरणीच्या ट्रकचं जुनं इंजिन, बाहेर मोठं चाक, चाकावरून वर जाणारा लोखंडी दोर. दोराला दांड्या लोंबतात, दांडीच्या टोकाला ताटलीएवढी लाकडी चकती. ती मांड्यांमध्ये धरायची, की उभ्या उभ्याच ओढलं जातं. कुणी वाटेत पडलं की आतल्या माणसानं तेवढ्या क्षणात क्लच सोडून दोर थांबवायचा असतो, नाहीतर मागचा येऊन त्याच्यावर आपटतो. म्हणून त्या खोलीत बसून चालत नाही आणि डोळा हलवून चालत नाही.

नेलिदा तिथं सकाळी सहापासून उभी होती. रोज वीस माणसं असतात तेव्हा मधून मधून दोर थांबतो. तेवढ्यात ती हात शेकते, काहीतरी खाते, झाडाआड जाऊन येते. त्या दिवशी दोर थांबलाच नाही. ऐंशी परके, त्यातल्या निम्म्यांनी अशी दांडी जन्मात धरली नव्हती. दर दोन मिनिटांनी एक पडायचा, ती क्लच सोडायची, तो उठायचा, ती पुन्हा धरायची. तिनं मला पुढे एकदाच सांगितलं, की दोनच्या सुमाराला तिला आपलं नाव आठवेना. दुसरं काही नाही, फक्त नाव. मग ते आठवलं आणि तिला त्याचा राग आला.

अडीचला अम्पारो माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डोळे आईचे, जीभ माझी.

"आजी, किती वाडगी दिलीस आत्तापर्यंत?"

मी म्हटलं, मोजली नाहीत, दोनशे तरी असतील.

"त्यातलं एक आईकडे गेलं का?"

मी फेर्मीनकडे बघितलं. फेर्मीननं एलेओदोरोकडे बघितलं. एलेओदोरो बर्फाकडे बघायला लागला. पोरीनं माझ्या हातातला डाव घेतला, स्वतः वाडगं भरलं आणि जाता जाता पाठमोरीच म्हणाली, "ती सही करणार आहे, आजी. मला सकाळीच सांगितलंय. तू विचारलं असतंस तर तुलाही सांगितलं असतं."

*

बस चारला गेल्या. जाताना सगळ्यांनी खिडकीतून धागे बांधलेले हात दाखवले. पाच वाजता आम्ही स्वयंपाकघरात बसलो, मी, एलेओदोरो, नेलिदा आणि अम्पारो. डोंगरावर अजून उजेड होता. नेलिदाचे हात टेबलावर होते आणि ते आपोआप आवळत-सुटत होते, जसा काही अजून क्लचचा दांडा हातात आहे.

एलेओदोरोनं कागद पुढे सरकवला, पण तो खूश दिसत नव्हता. आजचा दिवस चांगला गेला, असं काहीतरी तो पुटपुटला. मग म्हणाला, नेलिदा, तुला घाई नाही. मी म्हटलं, घाई तुलाच होती, दोन बस भरून. अम्पारो म्हणाली, काकाला बोलू नकोस, निदान त्याच्या कागदात आईच्या जागी तीन माणसं आहेत. काल रात्री हीच पोरगी काकाला म्हणाली होती, की तुमच्या पासची मी होळी करीन. मी तिला तसं सुनावलं. ती म्हणाली, काल मी दोर बघितला नव्हता, आज बघितला.

मग नेलिदा बोलली. तिला कुणी थांबवलं नाही, कारण ती बोलते तेव्हा थांबवायची सवयच कुणाला नाही.

"सासूबाई, मी या डोंगराला नावं ठेवत नाही. मला तिकडचं नको आहे. ती रांग, तो गोंगाट, माझ्याच्यानं आज एक दिवस झाला नाही. पण मी अकरा हिवाळे त्या खोलीत आहे. या अकरा हिवाळ्यांत मी किती वेळा खाली उतरले, सांगा."

मी बोटांवर मोजायला घेतलं.

"एकदाही नाही," ती म्हणाली. "दोरापाशी कुणीतरी उभं राहावं लागतं. म्हणून."

खरं होतं. आणि सगळं बघणाऱ्या मी हे बघितलं नव्हतं. नेलिदा स्की करायची, आणि कशी करायची. रुबेननं तिला याच उतारावर पहिल्यांदा बघितलं होतं. रुबेन गेला तो महिना ऑगस्टचा. त्याला पुरून आलो, आणि तीन दिवसांनी बर्फ पडला. डोंगर उघडायचं कुणाच्या मनात नव्हतं. सकाळी बाहेर बघते तर सगळा गाव उतारावर, न बोलावता आलेला, आडवी रांग धरून तुडवत होता. फक्त पावलांचा आवाज. त्या दिवसाचे उपकार मी या गावाचे जन्मभर विसरणार नाही. तुडवून झालं आणि सगळे खाली येऊन नुसते उभे राहिले, कारण दोर चालवायचा तो रुबेन. तेव्हा नेलिदा काळ्या कपड्यांत खोलीत गेली आणि इंजिन चालू केलं. तिला कुणी जा म्हटलं नव्हतं. नको, असंही कुणी म्हटलं नाही. त्या दिवशीही नाही, आणि पुढे अकरा वर्षंही नाही.

गावाचे आभार मी दर सणाला मानते. तिचे एकदाही मानले नव्हते. दोराचे आभार कोण मानतं?

मी उठले. बाहीतून उसवलेली लोकर उरली होती, तिचा तुकडा तोडला आणि नेलिदाचा हात धरला. तुडवणीच्या दिवशी ती इंजिनाच्या खोलीत असायची, त्यामुळे अकरा वर्षांत तिनं तुडवलं नाही, आणि तुडवलं नाही म्हणून मी धागा बांधला नाही. ऐंशी परक्यांच्या मनगटाला माझी लोकर होती आणि हिच्या नव्हती. नियम म्हणजे नियम, एवढंच मला ठाऊक होतं.

तिनं हात काढून घेतला. हळूच, पण घेतला.

"धागा नको, सासूबाई. धाग्याचं मी काय करू? मला उतरायला माणूस हवा, दोरापाशी."

अम्पारोनं मान खाली घातली. एलेओदोरोनं कागदावर पेन ठेवलं. मला वाटलं, झालं, सेगुंदोचा डोंगर गेला, आणि तो माझ्या मुलानं नाही घालवला, मी घालवला.

मी पुन्हा खाली बसले. मी म्हटलं, "नेलिदा, अकरा वर्षं हा डोंगर तू चालवलास. मी नाही. मी रस्सा केला आणि बडबड केली. तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते मी आज पहिल्यांदा बोलतेय, याची मला लाज वाटते."

चुलीत लाकूड फुटलं. मी म्हटलं, "उद्या दोरापाशी मी उभी राहते."

एलेओदोरो हसला. त्याचा दोष नाही. शहात्तर वर्षांची मी, आणि त्या इंजिनाला जन्मात हात लावलेला नाही. सेगुंदो लावू द्यायचा नाही, आणि नंतर मला गरज वाटली नाही. तो म्हणाला, आई, क्लच सोडायला हातात जोर लागतो. मी म्हटलं, तुला पाळण्यातून खाली पडताना झेललंय याच हातांनी, डोकं फुटलं असतं तर आज मुकादम झाला नसतास.

नेलिदा माझ्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "सहाला यायचं. मी दोनदा हाक मारणार नाही."

*

सकाळी वारा पडलेला. आभाळ धुतल्यासारखं, समोर ज्वालामुखीच्या टोकावर गुलाबी ऊन. घाटापलीकडे लिफ्टा सुरू झाल्या होत्या, त्यामुळे बस यायचं कारण नव्हतं. उतारावर अकरा माणसं, फेर्मीन धरून. एलेओदोरो निघायच्या तयारीत होता. दारात त्यानं नेलिदाला विचारलं, कागदाचं काय करू. ती खाली बसून बुटाचे पट्टे आवळत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "आत्ता नको, दादा. मला उशीर होतोय." ते बूट अकरा वर्षं माळ्यावर होते. आत उंदरांनी आराउकारिया झाडाच्या बिया साठवल्या होत्या, त्या तिनं अंगणात ओतल्या.

खोलीत तिनं मला एका तासात शिकवलं, आणि मला आयुष्यात कुणी इतकं तोडून बोललं नाही. इंजिनाकडे बघू नका, ते कुठं जात नाही, वर बघा. गप्पा मारू नका. फेर्मीन खिडकीत आला तर त्याला हाकलून द्या. पोर दांडीला लोंबायला लागलं की पडायची वाट बघू नका, आधीच सोडा. मी दोनदा चुकले. दुसऱ्या वेळी फेर्मीन नाकावर आपटला आणि उठून ओरडला, की एदेल्मिरा, तुझा माझ्यावर जुना राग आहे. नेलिदा म्हणाली, हे बरोबर केलंत, पण मुद्दाम करायचं नसतं.

मग ती बाहेर गेली. दांडी धरली, चकती मांड्यांत घेतली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी क्लचचा दांडा पुढे ढकलला. दोर ताणला गेला, चाक कुरकुरलं, आणि माझी सून सरळ उभी, पाठमोरी, वर जायला लागली. झाडीच्या वळणापर्यंत दिसली, पुढे दिसेना.

तेव्हा मला कळलं की त्या खिडकीतून डोंगराचा फक्त खालचा, जिथं माणसं पडतात तेवढाच तुकडा दिसतो. पन्नास वर्षं मी झोपडीच्या दारातून सगळा उतार बघत आले, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. इथून माणसं जाताना दिसतात आणि अगदी शेवटी येताना दिसतात. मधलं सुख त्यांचं त्यांच्यापाशी राहतं. अकरा वर्षं तिला एवढंच दिसलं होतं. माझे पाय गार पडायला लागले, पण मला हलता येईना, कारण दोरावर चार माणसं होती.

मी तिची वाट बघत राहिले. वेळ किती गेला ते सांगता येणार नाही. मग वळणावर बर्फाचा फवारा उडाला आणि ती आली. वाकलेली, गुडघे सैल, डावीकडे-उजवीकडे झुकत, घाई नाही, भीती नाही, जशी काही काल संध्याकाळीच उतरली होती. माझ्या खिडकीपुढून गेली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं. ती हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आणि मी बघत बसले नाही, कारण दांडीवर फेर्मीनची नात लोंबायला लागली होती. मी आधीच क्लच सोडला.

एलेओदोरोची गाडी अजून रस्त्यावर उभी होती. तो बाहेर उभा राहून वर बघत होता. मग त्यानं तो कागद दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवला. गाडीच्या मागून त्याच्या जुन्या स्की काढल्या.

नेलिदा खिडकीपाशी येऊन उभी राहिली. केसांत बर्फ, गाल लाल. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, आणि मीही काहीतरी जुळवून ठेवलं होतं.

"शुक्रवार ते रविवार तुम्ही," ती म्हणाली. "बाकीचे दिवस मी. दादा आले तर दादा. असं असेल तर मला त्या कागदाचं काम नाही."

मी म्हटलं, ठीक आहे.

"आणि माझ्याकडे बघत जाऊ नका, सासूबाई. वर बघा."

रांगेत कुणी नव्हतं. तिनं पुढचीच दांडी धरली. मी वर बघितलं आणि दांडा ढकलला.